८२१ नंबरचं झाड

आजच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना परदेशी नावं डोळ्यांनी वाचल्याशिवाय लक्षात राहत नाहीत त्यांच्यासाठीही.

आजचा विषय आहे क्रॅबॲपल, म्हणजे सफरचंदाचं छोट्या फळांचं भावंड. बागकामवाल्यांचा ढोबळ नियम असा की फळ दोन इंचांपेक्षा लहान असेल तर क्रॅबॲपल, मोठं असेल तर सफरचंद. चव आंबट-तुरट. जेली करतात, पण कच्चं खाल्लं तर दात आंबतात. झाड लावतात ते मुख्यतः फुलांसाठी. ह्याला कडक हिवाळा लागतो, म्हणून पुण्या-नाशकात ते दिसत नाही. पण आपला कोणी भाऊ-बहीण न्यू जर्सीला किंवा लंडनजवळ राहत असेल, तर त्यांच्या गल्लीत एप्रिल-मे मध्ये गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडलेलं एखादं बुटकं झाड हमखास असतं. फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर आलेलाही असेल. चेरी समजून तुम्ही त्याला लाइक दिलं असेल, ती गोष्ट वेगळी.

अशाच एका शोभेच्या झाडाने सफरचंदाच्या धंद्याला मोठा हात दिला. गोष्ट इतकीच असती तर मी एपिसोड केला नसता. तो हात पुढे कसा सुटला, तेही सांगायचं आहे.

१८६० च्या दशकात जपानच्या बागांमधली बरीच झाडं युरोप-अमेरिकेत पोचली. त्यात एक होतं ‘मालस फ्लोरिबुंडा’, जपानी फुलांचं क्रॅबॲपल. कळ्या गडद गुलाबी, उमलल्या की जवळजवळ पांढऱ्या. त्यामुळे आठवडाभर एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. फळ मात्र वाटाण्यापेक्षा थोडंसंच मोठं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स क्रँडल नावाचे प्राध्यापक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सफरचंदाच्या निरनिराळ्या जातींचे संकर करून कुठला गुण पुढच्या पिढीत कसा उतरतो ते बघत होते. त्यांच्या संग्रहातल्या एका फ्लोरिबुंडाचा नंबर होता ८२१. १९१४ च्या सुमारास त्यांनी ‘रोम ब्यूटी’ ह्या मोठ्या लाल सफरचंदाचा ह्या ८२१ शी संकर केला. मग त्या संकराच्या दोन झाडांचा एकमेकांशी. रोपं वाढली, शेतात उभी राहिली. फळं बारीक, बाजारात कोणी घेतली नसती. एखाद्या जुन्या रिपॉझिटरीत कोड पडून राहतो ना, तशी ती झाडं पडून राहिली.

आता खलनायक. स्कॅब नावाचा बुरशीचा रोग. व्हेन्च्युरिया इनइक्वॅलिस ही ती बुरशी. थंड आणि ओल्या वसंतात पानांवर काळपट डाग, फळांवर खपल्या, मग तडे. असं फळ पेटीत जात नाही. ओल्या हवेच्या भागात बागायतदार एका हंगामात दहा-पंधरा फवारण्या करतात, त्यातल्या कित्येक फक्त स्कॅबसाठी. हे दुखणं आपल्यापासून लांबचं नाही. १९७३ मध्ये काश्मीरमध्ये आणि १९८३ मध्ये हिमाचलात स्कॅबची मोठी साथ आली होती. वाशीच्या मार्केटला येणारी पेटी त्याच बागांमधून येते.

१९४० च्या दशकात इलिनॉयमध्येच फ्रेडरिक हफ ह्यांच्या लक्षात आलं की आजूबाजूची झाडं स्कॅबने काळी पडलेली असताना क्रँडल ह्यांच्या जुन्या संकरांपैकी काही झाडं स्वच्छ आहेत. शोध घेतला तर मूळ निघालं ८२१. मग पर्ड्यू विद्यापीठातले राल्फ शे त्यांना येऊन मिळाले. पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय अशा तीन विद्यापीठांनी मिळून कार्यक्रमच सुरू केला. पद्धत सरळ होती: हरितगृहात हजारो रोपं वाढवायची, त्यांच्यावर बुरशीचे बीजाणू फवारायचे, डाग पडलेली रोपं फेकायची, स्वच्छ राहिलेल्यांचा पुन्हा चांगल्या सफरचंदाशी संकर. पिढ्यान् पिढ्या हेच. सफरचंदाच्या बीला फळ धरायलाच कितीतरी वर्षं लागतात, त्यामुळे पहिली जात ‘प्रिमा’ बाहेर पडली ती थेट १९७० मध्ये. नंतर ‘प्रिसिला’, ‘प्रिस्टीन’, ‘एंटरप्राइज’. ह्या सगळ्या नावांत ‘प्रि’ दिसतंय? तीन विद्यापीठांची आद्याक्षरं आहेत ती. मला हा प्रकार फार आवडला. आम्ही लोक प्रोजेक्टला कॉफीची नावं देतो.

युरोपातल्या संशोधकांनीही हाच गुण उचलला आणि जगभरच्या स्कॅबरोधक जातींत बहुतेक ठिकाणी ८२१ चाच जनुक गेला. माझ्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांनी एकच लायब्ररी वापरली, आणि दुसरा पर्याय फारसा कोणी ठेवला नाही.

१९९३ मध्ये बातमी आली. जर्मनीतल्या आरेन्सबुर्गमध्ये ‘प्रिमा’सारख्या रोधक झाडांवर स्कॅब आढळला होता. बुरशीने किल्ली बनवली होती. पण संशोधकांनी हीच नवी बुरशी मूळ फ्लोरिबुंडा ८२१ वर टाकून बघितली तेव्हा ते झाड ठणठणीत राहिलं! का? कारण त्याच्याकडे कुलपं दोन होती. दोन वेगवेगळे जनुक. हरितगृहातल्या चाळणीला रोप स्वच्छ आहे की नाही एवढंच कळत होतं. एका जनुकाने स्वच्छ राहिलेलं रोप आणि दोन जनुकांनी स्वच्छ राहिलेलं रोप दिसायला सारखंच. त्यामुळे संकर करता करता दुसरं कुलूप कधी गळून पडलं ते कोणाला कळलंच नाही. टेस्ट पास, बिल्ड ग्रीन, आणि आतली अर्धी सुरक्षा गायब. शे आणि हफ ह्यांना मी दोष देणार नाही, त्या काळी जनुक मोजायचं साधनच नव्हतं. पण पुढे साधनं आल्यावरही नव्या जाती बराच काळ त्या एकाच जनुकावर उभ्या राहिल्या, ते मात्र खटकतं. पुढे इंग्लंडमध्ये खुद्द फ्लोरिबुंडावर वाढणारा बुरशीचा वंशही सापडला. आता नव्या जातींत दोन-तीन वेगळे जनुक एकत्र आणायचा प्रयत्न चालतो, आणि त्यासाठी शोधाशोध पुन्हा क्रॅबॲपलांतच होते.

इकडे शोभेच्या बागांचं काय झालं, तर उलटाच तमाशा. उत्तर अमेरिकेत ‘होपा’सारखी जांभळट-गुलाबी फुलांची क्रॅबॲपलं रस्तोरस्ती लावली गेली, आणि स्कॅबमुळे भर उन्हाळ्यात त्यांची पानं गळू लागली. फुलांच्या दहा दिवसांसाठी वर्षभर खराटा बघायचा! १९८२ मध्ये ‘प्रेरीफायर’ हे टिकाऊ पानांचं लाल-गुलाबी क्रॅबॲपल आलं. ते केलं डॅनियल डेटन ह्यांनी, पुन्हा इलिनॉय विद्यापीठातच, आणि डेटन त्या तीन विद्यापीठांच्या सफरचंद कार्यक्रमातही होते.

तर परदेशात छोटं अंगण असलेल्या श्रोत्यांसाठी थोडं कामाचं. फ्लोरिबुंडा सुंदर आहे, पण जेवढं उंच तेवढंच आडवं पसरतं, पाच-सहा मीटर सहज. जागा कमी असेल तर ‘सार्जंट’ क्रॅबॲपल बघा. अर्नोल्ड अर्बोरेटमचे चार्ल्स सार्जंट ह्यांनी १८९२ मध्ये जपानच्या होक्काइदोमधून ते आणलं. दोन-तीन मीटरवर थांबतं, रोगालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. नर्सरीत फुलांच्या रंगाआधी स्कॅबबद्दल विचारा, आणि कलम कुठल्या खुंटावर बांधलंय तेही, कारण झाड किती वाढणार ते बरंचसं खुंटावर ठरतं. जागा पूर्ण उन्हाची हवी, मुळाशी पाणी तुंबायला नको. बुंध्यातून फुटणारे धुमारे लगेच काढा, नाहीतर खुंटच कलमाला गिळतो. शेजाऱ्याकडे खायचं सफरचंद असेल तर तुमच्या क्रॅबॲपलचे पराग त्यालाही चालतात. हिमाचलातल्या बागांत ‘गोल्डन हॉर्नेट’ आणि मांचुरियन क्रॅबॲपल ह्याच कामासाठी लावतात. आणि पानगळ झाली की खालची पानं झाडून टाका. स्कॅबची बुरशी हिवाळा त्या पडलेल्या पानांतच काढते आणि वसंतातल्या पहिल्या पावसात तिथूनच वर उडते.