लेविट, विल्यम जेर्ड

(११ फेब्रुवारी १९०७ – २८ जानेवारी १९९४). अमेरिकन बांधकाम व्यावसायिक. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर झपाट्याने वसलेल्या उपनगरांना त्यांनी कारखानदारी पद्धतीच्या घरबांधणीचा नमुना घालून दिला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘लेविटटाउन’ ही वसाहत पुढे अशा सर्व उपनगरांचे प्रतीक मानली गेली.

त्यांचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. वडील एब्राहम हे वकील. १९२९ मध्ये या कुटुंबाने ‘लेविट अँड सन्स’ ही कंपनी काढली. विल्यम व्यवहार आणि विक्री पाहत, तर धाकटे बंधू आल्फ्रेड घरांचे आराखडे करीत. प्रारंभी लाँग आयलंडवर सुखवस्तू गिऱ्हाइकांसाठी घरे बांधणाऱ्या या कंपनीला युद्धकाळात व्हर्जिनियातील नॉरफोक येथे नौदल तळाच्या कामगारांसाठी घरे बांधण्याचे सरकारी काम मिळाले. थोड्या वेळात व थोड्या खर्चात शेकडो घरे कशी उभारायची, याचा धडा त्यांना तेथे मिळाला. पुढे विल्यम यांनी नौदलाच्या बांधकाम दलातही सेवा केली.

बांधकामपद्धती : महामंदी आणि युद्ध यांमुळे जवळपास पंधरा वर्षे अमेरिकेत घरबांधणी मंदावली होती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांची लाखो कुटुंबे नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहत होती. १९४७ मध्ये लेविट यांनी लाँग आयलंडच्या नासाउ परगण्यातील बटाट्याच्या शेतांवर वसाहतीचे काम सुरू केले. कारखान्यात वस्तू सरकते व कामगार जागेवर असतो. येथे घर जागेवर राही आणि कामगारांच्या तुकड्या एका घराकडून दुसऱ्याकडे जात. बांधकामाचे पंचवीसहून अधिक टप्पे पाडून प्रत्येक तुकडीला एकच काम नेमून दिले होते. तळघर वगळून घर थेट काँक्रीटच्या थरावर उभे केले जाई. त्यासाठी स्थानिक बांधकाम नियम बदलून घ्यावे लागले. लाकूड आधीच मापात कापून येई. कंपनी खिळेसुद्धा स्वतः तयार करी आणि कामगार संघटनांबाहेरचे मजूर लावी. १९४८ मध्ये दिवसाला ३० हून अधिक घरे पूर्ण होत. १९५१ पर्यंत येथे १७,४४७ घरे झाली. आरंभी घरे भाड्याने दिली जात. १९४९ पासून विक्रीवर भर आला. त्या वर्षीच्या घराची किंमत ७,९९० डॉलर होती.

सरकारी पाठबळ : वेग कंपनीचा असला, तरी या वसाहतीमागे पत होती ती सरकारची. १९३४ मध्ये स्थापन झालेले संघराज्य गृहनिर्माण प्रशासन गृहकर्जांचा विमा उतरवी, तर १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या कर्जांना हमी दिली. त्यामुळे बँका निर्धास्तपणे पैसे देत आणि माजी सैनिकाला पदरची रक्कम न भरता, भाड्याइतक्याच हप्त्यात घराचा मालक होता येई.

वर्णभेद : हे दार कृष्णवर्णीयांना मात्र बंद होते. सुरुवातीच्या करारांतील एका कलमानुसार नोकरचाकर सोडून गौरेतर व्यक्तीला घरात राहण्यास मनाई होती. गृहनिर्माण प्रशासनाचे धोरणही अशा अटींना अनुकूल होते. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयीन अंमलबजावणी घटनाबाह्य ठरवली. तरीही लेविट कृष्णवर्णीयांना घरे विकत नसत. गौरवर्णी गिऱ्हाइके निघून जातील, असे कारण ते देत. पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेविटटाउनमध्ये १९५७ साली विल्यम व डेझी मायर्स या कृष्णवर्णीय दांपत्याने एका मालकाकडून घर घेतले, तेव्हा जमावाने दगडफेक केली आणि राज्य पोलिसांना बोलवावे लागले. न्यू जर्सीतील तिसऱ्या वसाहतीबाबत १९६० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने लेविट यांच्याविरुद्ध निर्णय दिला. गृहकर्जांना सरकारी विमा असल्याने भेदभावविरोधी राज्य कायदा या घरांना लागू पडतो, असे ठरले. ज्या पाठबळाने वसाहत उभी राहिली, त्याच्याच आधारे ती सर्वांना खुली झाली.

उत्तरायुष्य व मूल्यमापन : १९६८ मध्ये लेविट यांनी कंपनी आयटीटी या उद्योगसमूहाला विकली. नंतरचे त्यांचे प्रकल्प फसले आणि बहुतेक संपत्ती गेली. मॅनहॅसेट येथे त्यांचे निधन झाले.

लुइस ममफर्ड यांच्यासारख्या टीकाकारांना या वसाहतींचा एकसुरीपणा खटकला. मात्र रहिवाशांनी खोल्या वाढवून, माड्या चढवून ती घरे आपापल्या परीने बदलून घेतली. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी न्यू जर्सीच्या वसाहतीत स्वतः राहून अभ्यास केला, तेव्हा त्यांना तेथे जिवंत शेजारधर्म आढळला. एकसारखेपणा असा काळाच्या ओघात पुसट झाला. वगळणुकीचा परिणाम अधिक खोल ठरला. सामान्य अमेरिकन कुटुंबाची संपत्ती मुख्यतः घरात साठते आणि ते घर पुढच्या पिढीला मिळते. युद्धात लढलेल्या गौरवर्णी सैनिकाला ही संधी मिळाली, त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला नाकारली गेली. त्या अन्यायाची किंमत त्याच्या मुलानातवंडांनीही मोजली.