कल्याणचे अडलेले बंदर आणि दोन घाट

नाणेघाटावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा राणीपासून सुरू होते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिकेचा लेख आहे. यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि हजारो कार्षापणे त्यात मोजून सांगितली आहेत. समोरच्या भिंतीवर सातवाहन कुळातल्या आठ मूर्ती होत्या, त्यांचे आता पाय आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. वाटेवर दगडी रांजण आहे, आणि सहलीला येणाऱ्या प्रत्येकाला जकातीची नाणी यात टाकत असे सांगितले जाते. घाटातला एकही लेख तसे म्हणत नाही. पण रांजणाबद्दल वाद घालण्यात मला रस नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की जकात घेतली जात असेल तर ती कशावर? या वाटेने खाली कल्याणला कोणता माल उतरत होता, आणि तिथून जहाजात काय चढत होते?

याचे सर्वांत सविस्तर उत्तर एका परक्या माणसाने लिहून ठेवले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहितीवही तयार केली. तिला आपण ‘पेरिप्लस’ म्हणतो. लेखकाने स्वतःचे नाव दिलेले नाही, मात्र कुठे काय खपते हे तो पक्के जाणतो. भडोचला (तो ‘बरिगाझा’ म्हणतो) येणाऱ्या मालाची त्याची यादी पाहा: दारू, त्यातही इटलीची जास्त खपणारी, तांबे, कथील, शिसे, पोवळे, पातळ कापड आणि हलक्या प्रतीचेही, हातभर रुंदीचे भडक रंगाचे कमरपट्टे, काच, मनशीळ, सुरमा, आणि थोडे सुगंधी तेल, तेही फार महाग नको. सोन्याचांदीची नाणीही येत, कारण इथल्या नाण्यांशी बदलताना त्यांवर नफा सुटे. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी मुली आणीत, तो भाग वेगळा. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र तोच आधी येतो. उरलेली यादी एखाद्या मोठ्या किराणा-भुसार-कटलरीच्या दुकानाची वाटावी अशी आहे.

परतीच्या मालातही तेच. हस्तिदंत, अकीक, जटामांसी, पिंपळी यांच्या जोडीला सर्व प्रकारचे सुती कापड आणि सूत. पैठणहून अकीक येतो आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, साधे जाडेभरडे कापड मोठ्या प्रमाणावर येते, असे तो नोंदवतो. त्यातला ‘साधे’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. रोमन सोने आणि मलमल यांच्या झगमगाटात हे जाडेभरडे कापड आपण विसरून जातो. जहाजाचे पोट मात्र अशाच मालाने भरते. तळाला जड धातू किंवा दारूचे रांजण नीरम म्हणून, वर कापडाचे गठ्ठे, आणि किमती वस्तू कुठेतरी कोपऱ्यात पेटीत. अनेक व्यापाऱ्यांचा थोडाथोडा माल एका गलबतात गेला की एकाचा माल बुडाला किंवा पडून राहिला तरी सगळ्यांचे दिवाळे निघत नाही.

याच वहीत आपल्या भागाविषयी तीन-चार ओळी आहेत, आणि माझ्या मते ठाणे जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासातल्या त्या सर्वांत बोलक्या ओळी आहेत. कल्याण हे थोरल्या सातकर्णीच्या काळी (त्याच्या लिपीत ‘साराग्नस’) रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते सांदनेस नावाच्या माणसाच्या हाती गेले आणि तिथे फार अडवणूक होऊ लागली. चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो सांगतो.

बंदर गाळाने भरले नव्हते, वादळाने मोडले नव्हते; जकात दुसऱ्याच्या पेटीत पडावी म्हणून ते अडवले गेले होते. त्याचा परिणाम किती दूर गेला तेही याच वहीत आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर त्याच्याही पुढे दहा दिवस. तिथला माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जातो. गाड्यांत, हे लक्षात घ्या. नाणेघाट ज्याने पायांनी उतरला आहे त्याला सांगायला नको की तिथून गाडी जाणे शक्य नाही. ती खडकात खोदलेली पायऱ्यांची वाट आहे, पाठीवर गोणी टाकलेल्या बैलांची. जवळचे कल्याण सोडून माल इतका वळसा घालून जात होता, आणि तो वळसा शेवटी तेरच्या विणकराच्याच दरातून वसूल होत असणार.

हा वळसा सोयीचा व्हावा म्हणून कोणी खर्च केला तेही सापडते. नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे त्याने धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची. गोवर्धन नाशिकजवळचे, शूर्पारक म्हणजे सोपारा. आता नकाशावर या ठिकाणांना टिंबे द्या. सगळी वाट भडोच, सोपारा, नाशिक अशी फिरते. धर्मशाळांच्या यादीत कल्याण नाही. दानाच्या लेखाला जकातीचा नकाशा समजू नये हे मला मान्य आहे. पण रस्ता कुठे वाहता ठेवायचा होता हे या दानांतून दिसते, असे माझे मत आहे. त्याच उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापणे कायम ठेव म्हणून दिली. 2000 वर दरमहा शेकडा एक, 1000 वर पाऊण टक्का व्याज. विणकर एवढे व्याज कायमचे कबूल करतात ते आपले कापड खपत राहणार या भरवशावरच.

इथे किन्हवलीची जागा ध्यानात येते. नाशिकहून सोपाऱ्याकडे उतरणारा थळघाट कसाऱ्याला, म्हणजे शहापूर तालुक्यात येतो. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट वैशाखऱ्याला, मुरबाड तालुक्यात. किन्हवली या दोन वाटांच्या मधोमध. दोन राजकुळांची ओढाताण आमच्याकडे लढाईच्या नव्हे, घाटांच्या रूपाने दिसते. नहपानाच्या हाती फक्त उत्तरेची वाट होती असेही नाही. त्याचा अमात्य अयम याचा वर्ष 46 चा लेख थेट जुन्नरला आहे. म्हणजे नाणेघाटाचा माथा ताब्यात असतानाही त्याला माल भडोचकडे हवा होता.

पुढचा पालट प्रसिद्ध आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला. त्यात 13,000 हून जास्त नाणी होती आणि 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. राजा बदलला, चांदी तीच राहिली.

कल्याणचा माणूस किती फिरत होता हे राजांपेक्षा दगडातल्या लहान दानांतून कळते. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे रहिवासी पुनःपुन्हा भेटतात. नंद नावाच्या लोहाराने तिथे एक पाऊलवाट करवून दिली. जुन्नरला कल्याणच्या संघक नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. जुन्नरलाच यवन म्हणवणाऱ्यांचीही तीन दाने आहेत, त्यांतल्या इरिलाने दोन टाकी खोदवली. खुद्द नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाचे टाके आहे. वाट आणि पाणी! घामाघूम होऊन घाट चढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? ही टाकी नसती तर तांडा माथ्यावर थांबलाच नसता. मला नाणेघाटाचा इतिहास राणीच्या लेखाइतकाच या टाक्यांत दिसतो. त्यांची निगा मात्र कोणी राखत नाही; उन्हाळ्यात त्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत असतात.

समुद्राच्या पलीकडे काय पोचले? तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्तच्या बंदरात उत्खननात हिंदी बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली, छापील सुती कापडाचे तुकडे मिळाले, सागाच्या तुळया मिळाल्या, आणि अलीकडे दुसऱ्या शतकातली दोन सातवाहन नाणीही. पाँपेईत 1938 साली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तशाच मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला निघाल्या आहेत. पाँपेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेले, तेव्हा ही वस्तू त्याआधीच तिथल्या कोणाच्या तरी घरात पोचली होती. फर्निचरचा पाय असो की आरशाची मूठ, ती वापरायची वस्तू होती.

जाता जाता एक. शिडाच्या जहाजाचे चित्र असलेली सातवाहन नाणी आपल्याकडे कल्याणच्या व्यापाराचा पुरावा म्हणून छापली जातात. ती पूर्व किनाऱ्याकडची आहेत. आपल्या बंदराला त्यांची गरज नाही.

कल्याण पुन्हा उभे राहिले याला सहाव्या शतकातला साक्षीदार आहे, कॉस्मस नावाचा, व्यापार सोडून संन्यासी झालेला ग्रीक. हिंदुस्थानातल्या मोठ्या बंदरांत तो कल्याण मोजतो आणि तिथून बाहेर जाणाऱ्या तीनच वस्तू सांगतो: तांबे-पितळ, लाकूड आणि कापड. जटामांसी, मोती, हस्तिदंत काही नाही. पितळ आणि कापड समजते. लाकडाचा शब्द मात्र हस्तलिखितात ‘तिळाची लाकडे’ असा पडतो, आणि अभ्यासकांनी त्या जागी शिसव वाचावे असे सुचवले आहे. तिळाच्या काड्या जहाजात भरून कोणी समुद्रापार नेत नाही, हे मुरबाडकडच्या कोणत्याही शेतकऱ्याने पुस्तक न उघडता सांगितले असते. आणि लाकूड कुठून येत असेल हे विचारले असते तर त्याने माहुलीपासून नाणेघाटापर्यंतच्या रानाकडे बोट दाखवले असते.