नालछ्याचे आशाधर आणि आमचे उपवास

दशलक्षणातला सहावा दिवस होता. देवासच्या आमच्या घरी पहाटे पाच वाजता थोरल्या जाऊबाई न्हाणीघराच्या दाराशी बसलेल्या दिसल्या. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. नाव घेऊन हाक मारली तर ओळख लागेना. दवाखान्यात नेलं. साखर इतकी उतरली होती, की डॉक्टरांनी आधी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि मग आम्हाला विचारलं, "यांनी काल काय खाल्लं?"

काही नाही. परवाही काही नाही. पण मधुमेहाची गोळी मात्र रोज, न चुकता, सकाळी प्रासुक पाण्याबरोबर घेतली होती. उपवासाचा नेम आणि डॉक्टरांचा नेम, दोन्ही त्यांनी प्रामाणिकपणे पाळले होते. दोन्ही प्रामाणिकपणे पाळले म्हणूनच दवाखाना गाठावा लागला.

घरी आल्यावर जे बोलणं झालं ते मला जास्त लागलं. पुतण्या म्हणाला, "काकू, आपले उपवास सायंटिफिक आहेत. अख्खं जग आता इंटरमिटंट फास्टिंग करतंय. याला तर नोबेल मिळालंय." आणि शेजारच्या एक बाई म्हणाल्या, भाव कमी पडला असेल, नाहीतर तपानं कुणाला काही होत नाही. एकानं तपाला औषध केलं, दुसरीनं आजाराला पाप केलं. जाऊबाई दोघांच्या मधे पलंगावर पडून होत्या, आणि त्यांना एकाच गोष्टीची लाज वाटत होती, नेम मोडल्याची.

मी इतिहास शिकवला बत्तीस वर्षं. डोक्यात गुंता झाला की जुनं काही उघडायची सवय. त्या आठवड्यात मी आशाधरांचं 'सागारधर्मामृत' पुन्हा काढलं. ते काढायला आणखीही एक कारण होतं. आशाधर आमचे. म्हणजे बघेरवाल. माझं माहेर कारंजा, विदर्भातलं. आमच्याकडे आशाधरांचं नाव लहानपणी कानावर पडतंच. पण हा माणूस जिथं राहिला, लिहीत बसला, ते गाव माझ्या सासरच्या मुलखात आहे, हे मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी कळलं.

धारहून मांडूला जाताना वाटेत नालछा लागतं. एसटीनं जावं तशी आम्ही एकदा मुलींची सहल घेऊन बसनं गेलो होतो. मुलींना मांडूचा जहाजमहाल बघायचा होता. मी मात्र नालछा आलं तेव्हा खिडकीतून मान बाहेर काढून बसले. आशाधर ज्याला नलकच्छपूर म्हणतात ते हेच. रस्त्याकडेची दुकानं, शाळेतून परतणारी मुलं, बांधलेल्या म्हशी. इथं एका नेमिनाथाच्या चैत्यालयात बसून माळव्यातला एक गृहस्थ संस्कृतात ग्रंथामागून ग्रंथ लिहीत होता.

गृहस्थ हा शब्द मी मुद्दाम वापरते. आशाधर मुनी नव्हते. बायको होती, सरस्वती नावाची. छाहड नावाचा मुलगा होता. वडील सल्लक्षण, आई रत्नी. जन्म मांडलगढचा, आजच्या राजस्थानातला. शहाबुद्दीन घोरीनं तो मुलूख घेतला तेव्हा पुष्कळ माणसांबरोबर हे कुटुंबही माळव्यात उतरलं. धारेत परमारांचं राज्य होतं, विंध्यवर्मा गादीवर होता. धारेत त्यांनी व्याकरण आणि न्याय शिकला, आणि पुढे अर्जुनवर्म्याच्या काळात नलकच्छपुराला येऊन राहिले. त्यांच्या ग्रंथांच्या शेवटी त्यांनी स्वतःच सन दिले आहेत. 'सागारधर्मामृता'वरची स्वतःची टीका विक्रम संवत १२९६ म्हणजे इ. स. १२३९ची. मुनींसाठी लिहिलेल्या 'अनगारधर्मामृता'वरची टीका त्यानंतर चार वर्षांनी, १२४३ची.

(पुढे पाचशे वर्षांनी पवार धारेला आले. ते स्वतःला परमारांचेच वंशज मानत. त्यांच्याबरोबर मराठी बोलणारी घरं धारला आणि देवासला आली. देवासची तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात. माझ्या सासरचं मराठी ते हे. पण ती कथा वेगळी.)

तर 'सागारधर्मामृत' म्हणजे घरात राहणाऱ्यांचा धर्म. त्यात श्रावकानं काय खावं, कधी खावं, कधी खाऊ नये हे सगळं आहे. रात्री जेवू नये हे तर पायाभूत गुणांमध्येच. आणि पाचव्या अध्यायात प्रोषधोपवास येतो. महिन्यात चार दिवस, दोन अष्टम्या आणि दोन चतुर्दश्या. आशाधर त्याची व्याख्या तासांत करत नाहीत, जेवणांत करतात. चार जेवणांचा त्याग म्हणजे प्रोषधोपवास.

मी ही व्याख्या वर्गात फळ्यावर मांडून दाखवायचे. त्या काळी दिवसाची जेवणं दोन. मधलं चहा-बिस्कीट नाही, फरसाण नाही, झोपताना दूध नाही. सप्तमीला दुपारी जेवायचं, संध्याकाळचं सोडायचं, हे एक. अष्टमीची दोन्ही सोडायची, ही तीन झाली. नवमीला एकदाच जेवायचं, दुसरं सोडायचं, ती चार. म्हणजे सप्तमीच्या दुपारपासून नवमीच्या दुपारपर्यंत जवळजवळ अठ्ठेचाळीस तास पोट रिकामं. महिन्यातून चार वेळा. आज जगभरात जे आठवड्यातून एक-दोन दिवस उपाशी राहण्याचे प्रयोग चालतात, त्यांच्याशी हे वेळापत्रक ताडून बघितलं की पुतण्याचा उत्साह मला समजतो.

पण त्याच्या पुढचा श्लोक कुणी वाचत नाही. आशाधर म्हणतात, ज्याला उपवास झेपत नाही त्यानं पाणी घेऊन राहावं. तेही झेपत नाही त्यानं आचाम्ल करावं, विकृती सोडून साधं रूक्ष अन्न खावं, असं काही करावं. कारण तप कल्याणाचं होतं ते शक्तीप्रमाणे केलं तरच. पायऱ्या दिल्या आहेत, एकीखाली एक. खालच्या पायरीवर उभा राहणारा हलका, असं कुठेही नाही.

आता या माणसाबद्दलची दुसरी गोष्ट. आशाधरांनी आपल्या ग्रंथांची यादी दिली आहे. तिच्यात काव्य आहे, न्याय आहे, पूजाविधी आहे, आणि त्यातच एक नाव आहे, 'अष्टांगहृदयोद्योत'. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वरची टीका. वैद्यमंडळींना प्रिय असलेल्या त्या संहितेचा उलगडा करण्यासाठी आपण ती लिहिली, असं ते सांगतात. ही टीका आज उपलब्ध नाही. वाग्भट मात्र आहे.

वाग्भटाच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय आहे. त्यात तो म्हणतो, उपचार शेवटी दोनच. एक लंघन, शरीराला हलकं करणारं. दुसरं बृंहण, भरणारं. भूक सहन करणं हा लंघनाचाच एक प्रकार. मग तो यादी देतो. लंघन कुणाला? ज्याला मेह म्हणजे लघवीचे विकार आहेत, ज्याला अपचनाचा आम साठला आहे, जो स्थूल आहे, त्याला. मधुमेह त्याच कुळातला. बृंहण कुणाला? आजारानं, औषधांनी, शोकानं झिजलेल्याला. गर्भिणीला, बाळंतिणीला, लहान मुलाला, म्हाताऱ्याला. आणि लंघन जास्त झालं तर काय होतं तेही सांगतो: माणूस फार वाळतो, चक्कर येते, तहान वाढते, तोंडाची चव जाते.

म्हणजे धारेजवळच्या एका गावात, एकाच माणसाच्या हातून, न जेवण्याबद्दलचे दोन ग्रंथ लिहिले गेले. एकात न जेवणं आत्म्यासाठी, दुसऱ्यात शरीरासाठी. दोन्ही विषय त्याला पुरते ठाऊक होते. तरी 'सागारधर्मामृता'त उपवास करा म्हणजे मेद झडेल, असं प्रलोभन तो दाखवत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला वैद्यक येत नाही त्यानं धर्मात वैद्यक घातलं तर एक वेळ समजू शकतं. ज्याला येत होतं त्यानं दोन वह्या वेगळ्या ठेवल्या.

आपण त्या एकत्र शिवल्या. दोष सगळा आपला नाही. आजारही नव्यानं नाव घेऊन आला. १९८८ साली अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन यांनी दाखवून दिलं, की वाढलेलं रक्तदाब, बिघडलेली चरबी आणि चढती साखर ही वेगवेगळी दुखणी नसून त्यांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते, शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. त्यांनी त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. आज आपण मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. पाच मापं आहेत: कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड, चांगलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर. पाचातली तीन बिघडली की नाव लागतं. आपल्याकडच्या बायकांना कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०. आमच्या घरात टेप घेऊन मापं घेतली तेव्हा सुटलेलं माणूस सापडेना. माझीही तीन निघाली.

दर खाण्याबरोबर इन्सुलिन वर चढतं. दिवसभर काही ना काही तोंडात टाकत राहिलं तर त्याला खाली यायला फुरसत मिळत नाही. काही तास पोट रिकामं राहिलं की ते उतरतं, आणि शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं. महाराष्ट्रात हेच सूत्र डॉ. श्रीकांत जिचकारांनी व्याख्यानांतून सांगितलं आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत नेलं: दिवसात दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांच्या आत. मी ते ऐकलं तेव्हा हसू आलं. आशाधरांचा साधा, उपवास नसलेला दिवस म्हणजे दोन जेवणांचाच की!

आणि प्रयोग काय सांगतात? अलाबामात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे सहा तासांतच जेवू घातलं, तेही दुपारी तीनच्या आत. वजन मुद्दाम तेवढंच ठेवलं होतं, तरी इन्सुलिनचं काम सुधारलं, रक्तदाब उतरला. हे २०१८चं. २०२० साली सॅन डिएगोत मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या एकोणीस जणांनी बारा आठवडे दहा तासांतच खाल्लं. वजन, रक्तदाब, चरबी, तिन्ही कमी झाली. पण माणसं थोडी, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. २०२२ साली चीनच्या ग्वांगझूमधून मोठा, वर्षभराचा प्रयोग आला, १३९ लठ्ठ माणसांचा. दोन्ही गटांना सारखंच कमी खायला दिलं. एका गटानं ते सकाळी आठ ते दुपारी चारच्या आत खाल्लं. त्या गटाचं वजन आठ किलोनं उतरलं, दुसऱ्याचं सहाच्या थोडं वर. अभ्यासकांनी हा फरक ठाम मानण्याजोगा नाही असं सांगितलं. म्हणजे घड्याळाचा उपयोग आहे, पण खूपसा फायदा मुळात कमी खाल्ल्याचा.

आणि ते नोबेल. योशिनोरी ओसुमींना ते २०१६ साली मिळालं हे खरं. पेशी उपासमारीत स्वतःचेच भाग मोडून पुन्हा कशा वापरते, याचा शोध त्यांनी यीस्टवर लावला. दशलक्षणाला ते नोबेल नव्हतं, हे पुतण्याला सांगितलं तेव्हा तो जरा नाराज झाला.

जाऊबाईंच्या डॉक्टरांनी मात्र एकही मोठी गोष्ट सांगितली नाही. त्यांनी गोळ्यांचं पाकीट मागवलं आणि त्यातलं ग्लिमेपिराइड बोटानं दाखवलं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिनचं तसं नाही. काही नव्या गोळ्यांचा उपवासात वेगळाच धोका असतो, रक्तात आम्ल साठतं. "उपवास करू नका असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण पंधरा दिवस आधी येऊन मला सांगा." इतकंच. त्यांना आशाधर माहीत नसतील. बोलले मात्र तेच: शक्तीप्रमाणे.

पुढच्या वर्षी श्रावण संपत आला तशी मीच विषय काढला. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, दहा उपवास धरले होते, ते राहिलेच. आता नुसतं एकदा जेवून काय होणार?" मी त्यांच्यापुढे पुस्तक उघडलं. पाचवा अध्याय वाचला, मग शेवटचा, सल्लेखनेचा. तिथं आशाधर शरीराबद्दल बोलतात. निरोगी असेल तर त्याला सांभाळावं, आजारी पडलं तर त्याच्यावर उपचार करावा. सोडण्याची गोष्ट येते ती उपचारही कामाचे उरत नाहीत तेव्हा. जाऊबाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

"हे आशाधरांनीच लिहिलंय? डॉक्टरांनी नाही ना सांगितलं तुला?"

"आशाधरांनीच. नालछ्याला बसून."

त्या वर्षी डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. जाऊबाईंनी दहा दिवस सूर्यास्ताच्या आत जेवण ठेवलं, रोज साधं, तूप-साखरेशिवाय, आणि चतुर्दशीलाही एकदा जेवल्याच. सकाळ-संध्याकाळ बोटाला सुई टोचून साखर बघायची आणि वहीत लिहायची. शेजारच्या बाई पारण्याच्या दिवशी विचारायला आल्या, किती झाले उपवास? जाऊबाई म्हणाल्या, "एकही नाही. पण नेम मोडला नाही."

वही अजून आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी तिथी लिहिली आहे, खाली साखरेचा आकडा, आणि त्याखाली त्या दिवसाचा धर्म: उत्तम क्षमा, उत्तम मार्दव, असे दहाही. मी म्हटलं, या दोन गोष्टी वेगळ्या वह्यांत लिहायच्या असतात. त्या म्हणाल्या, "वही एकच होती गं घरात."