वल्ह्यावरचे हात कुणाचे होते?

२ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाच्या ध्वजावरून इंग्रजांचा क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण अमरावती-अकोल्यातल्या आमच्या तरुणांनी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ते आरमार चालवलं कुणी?

नावं पाहा. मायनायक भंडारी. दर्यासारंग. दौलतखान. एक भंडारी, दोन मुसलमान. त्यांच्या हाताखाली कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरचे कष्टकरी. गुराब हे दोन-तीन डोलकाठ्यांचं मोठं लढाऊ जहाज, तर गलबत लहान, उथळ बुडाचं, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं. वारा पडला की इंग्रजांचं अवजड जहाज जागीच अडकायचं, गलबत मात्र वल्हवत पुढे जायचं आणि गरज पडली तर खाडीत शिरायचं. १६७९ साली खांदेरीला हेच झालं. इंग्रजांनी वेढा घातला, तरी रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या होड्या बेटावर रसद पोचवत राहिल्या. शेवटी इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. त्या वल्हेकऱ्यांची नावं कोणत्या बखरीत आहेत?

आता धर्मशास्त्र काय म्हणतं ते पाहा. बौधायन धर्मसूत्रात पतित करणाऱ्या कर्मांच्या यादीत समुद्रप्रवास आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला कुणाला बसवू नये याची यादी आहे. तिच्यात विष देणारा आहे, घर जाळणारा आहे आणि समुद्रावर जाणाराही आहे! म्हणजे स्वराज्याचा किनारा राखणारा दर्यावर्दी या ग्रंथाच्या लेखी विष घालणाऱ्याच्या रांगेतला. शिवरायांनी हे जुमानलं नाही. १६६५ साली ते स्वतः जहाजात बसून बसरूरच्या स्वारीवर गेले.

आणि या आरमाराचं पुढे काय झालं? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. समुद्रातून तोफा इंग्रजांच्या होत्या, जमिनीवरून फौज पेशव्यांची होती. नानासाहेब पेशव्यांनी घरच्या वैरासाठी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरं. पण घरचं भांडण मिटवायला परक्यांच्या तोफा आणल्या आणि त्यानंतर कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकेल असं आरमार उरलं नाही. ‘हिंदूंचं आरमार’ म्हणून आज छाती फुगवणारे हे पान उघडत नाहीत.

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. पण १३ नोव्हेंबर १९२७ला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेला आले आणि सहा आठवड्यांत, २५ डिसेंबरला, सावित्री नदीकाठच्या जुन्या बंदरात, महाडला, तीच मनुस्मृती जाळली गेली. देवळाचं दार आणि दर्याची वाट अडवणारं पुस्तक एकच होतं. बाबासाहेबांनी १९१३ साली समुद्र ओलांडून अमेरिका गाठली होती, ती शिकायला.

म्हणून मित्रहो, आरमाराचा अभिमान जरूर बाळगा, तो आपलाच आहे. फक्त मिरवणुकीतल्या फलकावर अष्टकोनाशेजारी वल्हंही काढा.

जय भीम! जय शिवराय!