अठरा टॅग आणि मराठी ‘ल’

इंजिनिअरिंगला एचटीएमएल आम्हाला जेमतेम दोन लेक्चरांत शिकवलं गेलं. चार टॅग, स्वतःच्या नावाचं एक पान, की पुढे ‘खऱ्या’ प्रोग्रॅमिंगकडे. नोकरीत रोज याच टॅगांशी गाठ पडू लागली, तेव्हा त्यांचा इतिहास वाचला. त्यात एक जुना वाद सापडला: पानातली गोष्ट काय आहे हे सांगायचं, की ती कशी दिसावी हे? या वादाची किंमत मराठीनेही मोजली आहे.

सुरुवात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतली. तिथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ येत आणि प्रत्येकाचा संगणक वेगळा असे. एकाची कागदपत्रं दुसऱ्याला सहज वाचता येत नसत. त्यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव दिला. त्यातूनच पुढे वेब उभं राहिलं. १९९१ च्या अखेरीस त्यांनी टॅगांची एक छोटी यादी मांडली. त्यात फक्त १८ टॅग होते.

टॅग म्हणजे टोकदार कंसातला एक छोटा शब्द. मजकुराच्या आधी एक उघडायचा, नंतर तिरकी रेघ घालून बंद करायचा. ‘एच१’ म्हणजे मुख्य मथळा, ‘पी’ म्हणजे परिच्छेद, ‘एलआय’ म्हणजे यादीतली एक नोंद. यातले बरेच टॅग एसजीएमएल या जुन्या पद्धतीतून उचललेले होते. नवा आणि मोलाचा होता तो ‘ए’, म्हणजे अँकर. त्याच्या पोटात ‘एचरेफ’ हे अ‍ॅट्रिब्यूट येतं. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे टॅगला दिलेली जास्तीची माहिती: आधी नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग अवतरणात किंमत. ‘एचरेफ’मध्ये दुसऱ्या पानाचा पत्ता लिहिला की लिंक तयार.

यात ‘एच१’ कुठेही ‘मोठं आणि ठळक दाखव’ असं म्हणत नाही. ते फक्त ‘हा मथळा आहे’ एवढंच सांगतं. याला कारण होतं. बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर खिडक्या आणि सुबक अक्षरं दिसत, पण निकोला पेलो या विद्यार्थिनीने लिहिलेला ब्राउझर साध्या टर्मिनलवर नुसती अक्षरं दाखवी. पान एकच, पडदे निराळे. कसं दाखवायचं ते ज्या त्या पडद्याने ठरवावं.

मग वेब लोकांमध्ये गेलं आणि लोकांना देखणी पानं हवी झाली. १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी चित्रासाठी ‘आयएमजी’ टॅग सुचवला. पुढे ब्राउझर कंपन्यांच्या चढाओढीत ‘फॉन्ट’ टॅग आला. त्याच्या ‘फेस’ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये फॉन्टचं नाव लिहिलं की अक्षरांचा चेहरा बदले.

मराठी पानं करणाऱ्यांना इथे वाट सापडली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण त्या काळच्या घरगुती विंडोजला ती वाचता येत नव्हती. ती सोय विंडोज २००० मध्ये आली. तोवर एक युक्ती चाले. असा फॉन्ट बनवायचा, की ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतील. पानात इंग्रजी अक्षरं टाइप करायची आणि ‘फेस’मध्ये त्या फॉन्टचं नाव द्यायचं. वाचकाकडे तो फॉन्ट असला, की पडद्यावर मराठी उमटे.

उमटे, पण आत मराठी नसे. मशीनच्या दृष्टीने तो इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग होता. शोधायला गेलं तर सापडत नसे, कॉपी केलं तर कचरा येई. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. त्या काळातलं एखादं पान आज मोबाइलवर उघडलं, तर कथा, कविता, लेख सगळं त्या ढिगात गाडलेलं असतं. बाहेर काढायचं तर नेमका कोणता फॉन्ट होता ते माहीत हवं. ज्यांचं रूपांतर कोणी केलं नाही, ती पानं आहेत, पण वाचता येत नाहीत.

डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने ‘फॉन्ट’ टॅग टाळावा असं सांगितलं. दिसण्याचं काम सीएसएसकडे सोपवलं. अक्षरांसाठी युनिकोडचा आधार घेतला आणि ‘लँग’ हे अ‍ॅट्रिब्यूट दिलं. त्यात मजकुराची भाषा लिहायची. मराठीसाठी दोन अक्षरं: ‘एमआर’.

या दोन अक्षरांनी काय होतं? मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतील, तर ‘एमआर’ वाचून ब्राउझर मराठी ‘ल’ निवडतो. पान मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. मजकूर काय आहे ते सांगितलं, की दिसणं आणि ऐकू येणं मागून येतं. सर्नमधला विचार हाच होता.

पहिलं पान बनवत असाल, तर ‘मेटा’ टॅगात ‘यूटीएफ-८’ लिहा आणि सर्वांत वरच्या टॅगात ‘लँग’. तयार साच्यांमध्ये तिथे बहुधा इंग्रजीचं ‘ईएन’ असतं आणि खाली सगळा मजकूर मराठीत असला तरी ते तसंच राहून जातं. माझ्याकडे कोड तपासायला मराठी पान आलं, की मी आधी ती ओळ बघतो.