साडेबारा हजार किलोमीटर आले कुठून?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर विचारलं की फोन क्षणात सांगतो : सुमारे १२,५०० किलोमीटर. हे अंतर कुणी मोजलेलं नाही, गणितानं काढलेलं आहे. आणि ती रीत विमानांहून कितीतरी जुनी.

उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून आपलं गाव किती पूर्वेला-पश्चिमेला, हे चंद्रग्रहणावरून काढायला सूर्यसिद्धान्त हा जुना ज्योतिषग्रंथ सांगतो. गणितानं आलेली वेळ आणि प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतल्या फरकावरून देशांतर, म्हणजे रेखांशांतला फरक, मिळतं. (ढग आले तर बसा पुढच्या ग्रहणाची वाट बघत.) याच ग्रंथात ज्येच्या (साइनच्या) जोडीला उत्क्रमज्येचं (१ वजा कोसाइन) कोष्टक आहे. त्याचं काम पुढे येईल.

अकराव्या शतकात अल-बिरूनी या विद्वानानं उलटी वाट धरली : अंतरावरून रेखांश. त्याला गझनीहून मक्केची दिशा हवी होती, त्यासाठी गझनीचा रेखांश हवा होता. मग बगदादपासूनच्या टप्प्याटप्प्यांची प्रवासी अंतरं घेतली, रस्त्याच्या वळणांपोटी त्यांतून काही वजा केलं आणि उरलेलं गोलावरच्या त्रिकोणमितीत घातलं. या वंशावळीतला मला सर्वांत आवडणारा माणूस हाच. रस्ता वाकडा असतो, हे त्यानं हिशेबात धरलं.

पुढची निकड खलाशांची. गोलावरचं अंतर काढायच्या कोसाइनच्या सूत्रात ठिकाणं जवळ असली की उत्तर १ ला इतकं चिकटतं, की कोष्टकात फरकच उरत नाही. शिवाय ऋण चिन्ह आलं की लॉगॅरिदम अडतो. इंग्लंडमध्ये नौकानयन शिकवणाऱ्या जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये आपल्या पुस्तकात हॅव्हरसाइन वापरात आणलं : उत्क्रमज्येचं निम्मं, कधीच ऋण न होणारं.

मुंबई-न्यूयॉर्कसाठी करून पाहू. अक्षांशांतला फरक २१.५ अंश, त्याचं हॅव्हरसाइन ०.०३५. रेखांशांतला १४६.६ अंश, त्याचं ०.९१७, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननी गुणलं की ०.६५८. बेरीज ०.६९३, हे ज्याचं हॅव्हरसाइन तो कोन ११२.७ अंश. एका अंशाला ६० सागरी मैल धरून सुमारे ६,७६० सागरी मैल, तेच साडेबारा हजार किलोमीटर. खलाशाला कोष्टकं चाळावी लागत, एवढाच फरक.

पण पृथ्वी ध्रुवांशी चपटी. तिला गोल मानलं तर अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक होऊ शकते, इतक्या अंतरात साठेक किलोमीटर. थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये चपट्या पृथ्वीसाठी सूत्रं दिली, तीही तेव्हाच्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरच्या तुटपुंज्या मेमरीत मावतील अशी.

आता विमान. ही सर्वांत जवळची रेषा मुंबईहून वायव्येला निघून पाकिस्तान, अफगाणिस्तानावरून रशियाकडे चढते आणि ६४ अंश उत्तरेपलीकडे जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, म्हणजे त्यांची सुरुवातच अरबी समुद्रावरून वळसा घेऊन. त्यात पश्चिमेला जाताना जेट स्ट्रीम समोरून येण्याची शक्यता. म्हणून फ्लाइट डिस्पॅचर इंधन ठरवतो ते प्रत्यक्ष मार्ग आणि वारा धरून. फोनवरच्या आकड्यावर टाकी भरत नाहीत.