खाँसाहेब कोण होणार? संगीत नाटकांच्या पुनरुज्जीवनातील पात्रनिवडीचा प्रश्न

हेदवी (ता. गुहागर), प्रतिनिधी : जुने संगीत नाटक नव्या संचात रंगमंचावर येणार, अशी नुसती कुणकुण लागली तरी मराठी रसिकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो दिग्दर्शकाचा किंवा नेपथ्याचा नसतो. 'खाँसाहेब कोण?', 'भामिनी कोण?', 'धैर्यधराची पदे कोणाला पेलणार?' असेच विचारले जाते. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत ही चर्चा चालते, तशीच ती कोकणातील देवळांच्या उत्सवांतही रंगते. या अंदाजांमागे केवळ हौस नसते. गद्य नाटकातील भूमिका दुसऱ्या नटाकडे सहज जाते. संगीत नाटकातील भूमिका मात्र एखाद्या गळ्याशी जखडली जाते. तो गळा हरपला की नाटकही हरपण्याचा धोका असतो.

शंभर वर्षांची परंपरा

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र' आले. त्यातील सुभद्रेच्या भूमिकेत भाऊराव कोल्हटकरांचा आवाज गाजला. भाऊरावांचे निधन १९०१ मध्ये झाले. त्यानंतर त्या तोलाचा गायक नट मिळणार तरी कोठून, ही विवंचना किर्लोस्कर मंडळीला होती. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, मंडळीत दाखल झाले आणि या प्रश्नाला उत्तर मिळाले. पुढे सुभद्रा म्हटले की बालगंधर्वच डोळ्यांसमोर येऊ लागले. आधीच्या नटाची आठवण पुसून टाकण्याइतका नवा गळा समर्थ असेल, तर प्रेक्षक त्याला स्वीकारतात, हे तेव्हाच सिद्ध झाले.

पात्रनिवडीच्या कुतूहलाचा कळस जुलै १९२१ मध्ये झाला. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग ठरला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, हा योग रसिकांनी एरवी केवळ कल्पनेतच पाहिला असता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवरावांचे निधन झाले आणि त्या प्रयोगाच्या आठवणीला आख्यायिकेचे रूप आले.

'कट्यार'ची कसोटी

अलीकडच्या काळात या प्रश्नाची खरी परीक्षा झाली ती 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाच्या वेळी. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये नाट्यसंपदा संस्थेने रंगभूमीवर आणले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे, पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर आणि झरीनाच्या भूमिकेत फैय्याज होत्या. वसंतराव १९८३ मध्ये गेले. त्यानंतर खाँसाहेबांचे नाव निघाले की 'आता तो माणूस नाही' हे वाक्य ठरलेलेच असे.

हे नाटक २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा उभे राहिले. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे होते आणि संचात अभिषेकींचे शिष्य महेश काळे होते. राहुल यांचा जन्म १९७९ चा. आजोबा गेले तेव्हा ते जेमतेम चार वर्षांचे होते. म्हणजे रक्ताचे नाते असले, तरी भूमिका ध्वनिमुद्रणे, जाणत्यांच्या आठवणी आणि स्वतःचा रियाज यांतूनच घडवावी लागणार होती. नाटकाचा विषयही हाच आहे. विद्या घराण्याच्या भिंतीआड ठेवायची, की पात्र शिष्याच्या हाती सोपवायची, यावरच 'कट्यार'चा संघर्ष उभा आहे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या चित्रपटाने वेगळी वाट धरली. पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगावकर होते, त्यांना गाता आवाज राहुल देशपांडे यांचा होता. सदाशिव सुबोध भावे होते, त्यांच्यासाठी महेश काळे गायले. काळे यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पंडितजींच्या भूमिकेत मात्र गायक शंकर महादेवन स्वतःच उभे राहिले. चित्रपटात चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा चालतो. रंगमंचावर ही सोय नसल्यामुळेच तेथील निवड अवघड ठरते.

निवड कशावर ठरते?

जाणकार रसिक अंदाज बांधताना साधारणपणे चार गोष्टी पाहतात. पहिली, आवाजाची पट्टी. पूर्वी स्त्री-भूमिका पुरुष करीत. पुढे त्या स्त्रिया करू लागल्या. त्यामुळे पदांची पट्टी बदलते आणि द्वंद्वगीतांचा मेळ नव्याने घालावा लागतो. दुसरी, गायकीची जात. 'कट्यार'मध्ये दोन गायकींचा सामना असल्याने एकटा खाँसाहेब निवडून भागत नाही; त्याच्यासमोर शोभेल असा भिन्न गायकीचा पंडितही लागतो. तिसरी, गद्याची जाण. उत्तम मैफल गाजवणारा गवई संवाद म्हणताना अडखळला, तर पदापर्यंतचा प्रवासच कोमेजतो. चौथी, तारखा. मैफलींचे दौरे करणाऱ्या गायकाला सलग प्रयोग देणे जड जाते, आणि प्रयोग कमी झाले की संच मोडतो.

तुलनेतील एक चूक

नव्या नटाची तुलना जुन्या ध्वनिमुद्रिकेशी केली जाते. येथे एक गोष्ट विसरली जाते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर पद जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागे. रंगमंचावर तेच पद प्रेक्षकांच्या 'वन्स मोअर'नुसार, साथीच्या ऑर्गन-तबल्याच्या रंगानुसार लांबे आणि रोज निराळे होई. म्हणजे आपण ज्या 'मूळ' गाण्याशी ताडून पाहतो, ते मूळ गायकही रंगमंचावर तसेच्या तसे गात नसत. हुबेहूब नक्कल मागणारा रसिक त्यामुळे मूळ परंपरेच्याच विरुद्ध जातो.

कोकणातील वारसा

रत्नागिरी जिल्ह्याला हा विषय परका नाही. रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिहिलेले 'संगीत संन्यस्त खड्ग' मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने १९३१ मध्ये रंगभूमीवर आणले. रत्नागिरीची खल्वायन ही संस्था संगीत नाटकांसाठी ओळखली जाते आणि राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग शहरातील सावरकर नाट्यगृहात झाले आहेत. दशभुजा गणेशाच्या हेदवीतून तेथे जायचे, तर तवसाळहून फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडणे ही जवळची वाट. कोकणातील गावोगावच्या उत्सवांत हौशी मंडळी नाटक बसवतात तेव्हा पट्टी, पाठांतर आणि मुंबईकराची रजा, हे तिन्ही हिशेब मांडूनच पात्रे ठरतात. व्यावसायिक निर्मात्यांपुढचे कोडे आकाराने मोठे असले, तरी जातीने हेच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या जुन्या नाटकाची जाहिरात झाली की अंदाज जरूर बांधावेत. त्या अंदाजांतूनच नाटकाची आठवण जागी राहते. मात्र 'त्यांच्यासारखा कोण?' यापेक्षा 'ही भूमिका आता कोणाच्या गळ्यात रुजेल?' असे विचारलेले बरे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमीच 'कोणी नाही' असे येते आणि नाटक कपाटात जाते. दुसऱ्याचे उत्तर १९०५ मध्येही मिळाले होते आणि २०१० मध्येही.